घरी बांधलेली मोटरसायकल आणि ‘निर्माता’ या संज्ञेचा इतिहास

वैभववाडीहून निघालेला एक रस्ता करूळ घाटाने आणि दुसरा भुईबावडा घाटाने गगनबावड्यास चढतो व तेथून कोल्हापुरास जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात असूनही या तालुक्यास समुद्रकिनारा नाही. मालवण-वेंगुर्ल्याचे लक्ष जसे पाण्याकडे, तसे वैभववाडीचे लक्ष घाटमाथ्याकडे लागलेले. येथील एखाद्या तरुणाने जुने इंजिन, भंगारातील नळ्या आणि कोठून तरी मिळालेली दोन चाके जमवून घरच्या पडवीत प्रथमच स्वतःची मोटरसायकल बांधावयाचे मनात आणले, तर त्यास दोन चढ चढावे लागतील. पहिला यंत्रशास्त्राचा, तो कष्टाने, पण चढून जाता येतो. दुसरा कायद्याचा. इतिहासाच्या अभ्यासकास हा दुसरा चढ अधिक उद्बोधक वाटावयास हवा, कारण तो पूर्वी नव्हता. तो क्रमाक्रमाने, तारीखवार उभा राहिला आहे. घरी वाहन बांधण्याचे कौशल्य महाराष्ट्रात कधीच दुर्मिळ नव्हते; दुर्मिळ होत गेली ती अशा वाहनाच्या कर्त्यास कर्ता म्हणून ओळखणारी नोंद, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दाविषयी. मालकाच्या आवडीप्रमाणे घडविलेल्या मोटरसायकलीला हल्ली सर्रास ‘कस्टम’ म्हणतात. या अर्थाचा चांगला शब्द मराठीत पूर्वापार आहे, तो म्हणजे ‘फर्माशी’. फर्माशी जोडे, फर्माशी दागिना, म्हणजे फर्माईश करून, माप देऊन करविलेली वस्तू. यंत्रयुगापूर्वी जवळजवळ प्रत्येक टिकाऊ वस्तू फर्माशीच असे. घाटावरील बैलगाडी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सुताराने आरे बसवावेत, लोहाराने तापविलेली धाव चाकावर चढवावी, आणि मालकाने बैलांच्या उंचीप्रमाणे जू बेतून घ्यावे. त्या गाडीचा ‘निर्माता’ कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही; विचारला असता तर गावातील दोन-तीन माणसांची नावे एकदम सांगावी लागली असती. निर्माता एक असतो आणि तो दूर कोठे तरी असतो, ही कल्पना कारखान्याबरोबर आली.

मोटरसायकलीचा जन्म मात्र कारखान्यात झालेला नाही. गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली कानश्टाट येथे इंजिन बसविलेली जी दुचाकी सिद्ध केली, तिचा सांगाडा लाकडाचा होता, दोन्ही बाजूंस आधाराची छोटी चाके होती, आणि ती ज्या जागी घडली ती डाइमलर यांच्या बंगल्याच्या बागेतील काचघराची होती. तेथे खोटी नाणी पाडली जातात असा संशय घेऊन पोलीस आल्याची हकीकत सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग वगळला तरी घरगुती कर्मशाळा आणि शासन यांची पहिली गाठ संशयाने पडली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८९४ साली म्युनिक येथे हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनी प्रथमच अशा वाहनांची मालिका काढली. अमेरिकेत मिलवॉकी येथे १९०३ मध्ये हार्ले आणि डेव्हिडसन यांचे काम सुरू झाले ते परसातील सुमारे दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा लाकडी खोपटात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, हामामात्सु येथे सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनविलेली लहान इंजिने सायकलींना जोडून विकली. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या नावांचा आरंभ वैभववाडीच्या पडवीहून फारसा निराळा नाही. यांतील कोणासही गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी ‘निर्माता’ असल्याचा दाखला मिळवावा लागला नव्हता. काम करता करता ते निर्माते झाले.

हिंदुस्थानात फटफटी आली ती आयात होऊन. १९१४ च्या मोटरवाहन अधिनियमाने नोंदणी व चालकाचा परवाना यांची सर्व प्रांतांसाठी सामान्य चौकट घातली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाने कारखाना काढण्यास परवाना आवश्यक झाला, आणि देशी उत्पादन मोजक्या हातांत राहिले. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात पुण्याजवळ बजाजची स्कूटर आली, आणि १९७२ नंतर अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) येथून ‘लूना’. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबणारी पिढी अद्याप हयात आहे. नवी गाडी दुर्लभ, म्हणून जुनी मोडीत काढावयाची नाही, या परिस्थितीने दुरुस्ती हीच एक मोठी विद्या झाली. बोअर करून पिस्टन बदलणे, घासलेला दाता वेल्डिंगने भरून पुन्हा कापणे, मिळत नसलेला बुश लेथवर काढणे ही कामे कारखान्यातील निर्मितीपेक्षा कमी प्रतीची नाहीत. फरक इतकाच की त्यांची नोंद पावतीच्या पलीकडे कोठे होत नाही.

या विद्येस सर्वांत अनुकूल ठरली ती बुलेट. तिचे जुन्या घडणीचे इंजिन किरकोळ फेरफार सोडता सुमारे अर्धशतक तसेच राहिले. गिअरपेटी इंजिनापासून वेगळी, पान्हे सर्वत्र मिळणारे, आणि एका दशकातील भाग दुसऱ्या दशकातील गाडीस बसणारा. स्वतः गाडी बांधू पाहणाऱ्या नवशिक्याचा हात आपल्याकडे प्रथम बुलेटच्या इंजिनाकडे जातो, त्याचे कारण केवळ तिचा आवाज वा रुबाब नव्हे. एका बाबतीत मात्र ती त्याला फसविते. जुन्या बुलेटच्या सांगाड्याची खालची बाजू मोकळी आहे; इंजिन हेच तेथे सांगाड्याचा एक भाग होऊन ताण सहन करते. वरवर पाहणाऱ्यास इंजिन सांगाड्यात ‘ठेवलेले’ दिसते आणि तो नव्या सांगाड्यात ते तसेच ठेवू जातो. मग काही महिन्यांत कोठे तरी चीर जाते.

पहिल्यांदा गाडी बांधणाऱ्यास ज्या अडचणी येतात, त्यांचा थोडा तपशील येथे देणे अप्रस्तुत होणार नाही, कारण कायद्याची बाजू काय आहे ते त्यातूनच कळते. सांगाडा जोडावयाचा तर आधी तो घट्ट धरून ठेवणारा साचा हवा. नळ्यांना प्रथम ठिकठिकाणी नुसते टाके मारून, दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत ते दोरी ताणून पाहावे लागते. मग एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस असे करीत वेल्डिंग पूर्ण करावयाचे, अन्यथा उष्णतेने सांगाडा पिळतो. वेल्डिंगच्या शेजारची धातूची पट्टी तापून निवाल्यामुळे तिचा स्वभाव बदलतो, आणि नळी तुटते ती बहुधा जोडावर नव्हे, जोडाच्या शेजारी. चेनच्या दोन्ही चक्र्या एका प्रतलात नसतील तर चेन आवाज करू लागते आणि मग उतरते.

याहून सूक्ष्म भाग पुढच्या चाकाचा आहे. पुढचा फोर्क, ज्याला सायकलवाले चिमटा म्हणतात, उभ्या रेषेपासून साधारणपणे २५ ते ३० अंश कललेला असतो. फोर्क ज्या अक्षाभोवती वळतो तो अक्ष जमिनीपर्यंत वाढविला तर तो टायर जेथे जमिनीस टेकतो त्याच्या थोडा पुढे टेकतो. या दोन बिंदूंमधील अंतर सामान्यतः ८० ते ११० मिलिमीटर असते, आणि गाडी सरळ धावण्याची जी ओढ दाखविते ती मुख्यतः या अंतरामुळे. अमेरिकन चित्रपटांतील लांब फोर्कच्या गाड्या पाहून फोर्क वाढविला व कल ४० अंशांवर नेला की हे अंतर वाढते. सरळ हमरस्त्यावर गाडी स्थिर वाटते, परंतु कमी वेगात वळताना पुढचे चाक आपोआप आत कोसळू पाहते आणि चालकास ते हातांनी तोलून धरावे लागते. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातील गाड्या कॅलिफोर्नियातील रुंद, सरळ रस्त्यांवर वाढलेल्या परंपरेतल्या आहेत. करूळ घाटाच्या वळणांवर, पावसात, मागे माणूस बसलेला असताना हीच घडण घातक ठरेल. भूगोल हा यंत्राच्या आराखड्यात असा उतरत असतो, आणि नकलेत तो नेमका गळून पडतो.

तेव्हा सुरक्षिततेचा विचार करणारा कायदा हा निव्वळ कारखानदारांचा कावा आहे, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. प्रश्न निराळा आहे. कायद्याने नक्की काय तपासावयाचे ठरविले: गाडी, की गाडीचे कुलशील?

या दृष्टीने अधिनियमांची भाषा क्रमाने वाचणे फलदायी आहे. १९३९ च्या अधिनियमाची मूळ भूमिका अशी होती की, वाहनात असा फेरफार झाला की नोंदणीपुस्तकातील तपशील खरा राहत नाही, तर मालकाने ती गोष्ट नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी. म्हणजे पुस्तकाने वाहनाच्या मागून जावयाचे. १९८८ च्या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये हा क्रम उलटा दिसतो: आधी सूचना, आधी मान्यता, मग फेरफार. तरीही मोजमापाचा मानदंड नोंदणीपुस्तक हाच होता, आणि मान्यता देणारा अधिकारी जिल्ह्यातला होता. २००० सालच्या दुरुस्तीने खरा पालट घडविला. नोंदणीपुस्तकातील तपशिलाच्या जागी ‘निर्मात्याने मुळात विनिर्दिष्ट केलेला’ तपशील आला, आणि त्याशी विसंगत असा फेरफार करण्यास मालकास मनाई झाली. इंधन बदलण्यासाठी करावयाचे फेरफार यांसारख्या मोजक्या गोष्टींना सवलत राहिली. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलून अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ऐंशी वर्षांच्या आत मालकाचे ‘कळविणे’ हे ‘परवानगी मागणे’ झाले, परवानगीचे ‘निषेध’ झाला आणि निषेधाचा ‘अपराध’. एवढ्या थोड्या शब्दांत एवढे मोठे सामाजिक स्थित्यंतर क्वचितच वाचावयास मिळते.

हे झाले जुन्या गाडीतील फेरफाराविषयी. सर्वस्वी नवी गाडी घरी बांधली, तर? १९८९ च्या केंद्रीय मोटरवाहन नियमांप्रमाणे नोंदणीसाठी वाहन नियमानुसार असल्याचा निर्मात्याचा दाखला लागतो, आणि नियम १२६ अन्वये निर्मात्याने आपल्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावयाचा असतो. या संस्थांपैकी प्रमुख अशी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन (स्थापना १९६६) आणि अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, दोन्ही महाराष्ट्रातच आहेत. अंतराने त्या जवळ आहेत. परंतु हजारो गाड्यांच्या उत्पादनाचा पहिला नमुना तपासण्यासाठी जी व्यवस्था योजिली आहे, तिच्यात एकुलती एक गाडी बांधणाऱ्याने शिरावे कसे? त्याची गाडी हाच नमुना आणि तेच संपूर्ण उत्पादन.

येथे घाट चढून वर जाऊ. कोल्हापूर परिसरात घरगुती यंत्रनिर्मितीची परंपरा जुनी आहे. चित्रकार बाबूराव पेंटर यांनी, बंधू आनंदराव यांच्या १९१६ मधील निधनानंतर, त्यांनी आरंभिलेले चलच्चित्राच्या कॅमेऱ्याचे काम विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास पुरे केले आणि त्या कॅमेऱ्याने १९२० चा ‘सैरंध्री’ चित्रित झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून, १८८८ सालचा. तेथून नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. कॅमेऱ्यास कोणी नोंदणीपुस्तक मागितले नाही आणि नांगर तर शेताबाहेर जातच नाही. रस्त्यावर चालणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी, हे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी १९४९ साली ‘मीरा’ नावाची छोटी मोटारगाडी सिद्ध केली आणि पुढची दोन दशके तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. गाडी धावत होती. उत्पादन कधीच उभे राहिले नाही. परवाना-पद्धतीचा इतिहास लिहिताना मोठ्या घराण्यांची स्पर्धा सविस्तर येते. इचलकरंजीची ही गाडी बहुधा तळटीपेत जाते.

वैभववाडीस ही विद्या दुसऱ्या एका वाटेनेही येते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी) माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबली. जानेवारी १९८२ मधील संपानंतर कित्येक कुटुंबे गावी परतली. गिरणीत फिटर, ऑइलर, टर्नर म्हणून काम केलेला माणूस गावी आला म्हणजे त्याच्याबरोबर मिलिमीटरच्या शतांशाची जाणीव गावात येते. संपाच्या साहित्यात परतलेल्यांचे हाल आहेत. परत आलेल्या कौशल्याचे काय झाले, हे फारसे कोणी विचारलेले नाही.

असो. ज्या प्रकरणामुळे हा विषय सर्वांच्या दृष्टीस पडला ते प्रकरण देवराष्ट्रे येथील. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान म्हणून आपणांस ठाऊक आहे. किर्लोस्करवाडी तेथून दूर नाही. तेथे लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, चारचाकी गाडी बांधली. ती चारचाकी असली तरी तिचे मर्म दुचाकीचे आहे: ती मोटरसायकलीप्रमाणे किक मारून सुरू होते. म्हणूनच घरी बांधलेल्या मोटरसायकलीच्या चर्चेत तिचे स्थान उचित होय. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण सर्वत्र पसरले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, आणि त्याचबरोबर स्पष्ट लिहिले की ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावर येऊ देणार नाहीत. म्हणून तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास नवी बोलेरो मिळाली आणि घरी बांधलेली गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रातील संग्रहासाठी गेली.

या व्यवहारात उदारपणा होता, आणि कोणावर अन्याय झाला असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. मोलाच्या हिशेबाने लोहार यांस पुष्कळच अधिक मिळाले. तथापि काय घडले ते नीट मांडले पाहिजे. ज्या गाडीस निर्माता होता, पण कायद्याच्या अर्थाने नव्हता, ती रस्त्यावरून उठून संग्रहात गेली. आणि जिचा निर्माता दूर होता, पण कायद्याच्या अर्थाने होता, ती देवराष्ट्र्याच्या अंगणात आली. नव्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात दत्तात्रय लोहार हे नाव आहे ते मालकाच्या रकान्यात.

नोंद नसली की काय होते, याचे दुसरे टोकही महाराष्ट्राने पाहिले आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आजही आवडीने सांगितली जाते. तिला निर्णायक असा समकालीन पुरावा नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथातील याने उडू शकत नाहीत, असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले आहे. जेथे लेथवरच्या माणसाचे खरे काम लिहून ठेवले जात नाही, तेथे न उडालेल्या विमानांना जागा मिळते. तळपद्यांच्या कथेवर जितकी शाई खर्च झाली, तिच्या दशांशाने तरी ‘मीरे’च्या आराखड्यांवर व्हावयास हवी होती.

साधनांविषयी दोन शब्द. घरी बांधलेल्या वा आमूलाग्र बदललेल्या मोटरसायकलींचा माग परिवहन कार्यालयाच्या दप्तरात शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परत येईल, कारण कर्ता स्वतःहून तेथे जातच नाही, आणि २०१९ नंतर तर जाण्याचे धाडसही करणार नाही. अशा गाडीचा सांगाडा नवा असला तरी त्यावरचा चासी नंबर जुन्या गाडीचा, कापून बसविलेला असू शकतो. म्हणजे दप्तरात अखंड दिसणारी गाडी प्रत्यक्षात दुसरीच असते. त्यापेक्षा लेथवाल्याच्या वह्या, भंगारबाजारातील खरेदीच्या चिठ्ठ्या, वेल्डिंगच्या दुकानात भिंतीवर खडूने काढलेली मापे आणि जुन्या मिस्त्रींच्या मुलाखती अधिक बोलतील. मुलाखत घेताना ‘ही गाडी कोणी बनविली?’ असे विचारू नये. उत्तरादाखल कंपनीचे नाव येते. ‘यातले काय काय तुमच्या हातचे?’ असे विचारावे. वैभववाडी, गगनबावडा, कळे आणि कोल्हापूर या एका रस्त्यावरील गॅरेजे व लेथची दुकाने घेऊन असे सर्वेक्षण एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास दोन उन्हाळी सुट्यांत करता येण्यासारखे आहे. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. त्या दिवसांत मिस्त्री सापडतो तो पाणी शिरलेल्या कार्ब्युरेटरवर वाकलेला, आणि त्यास बोलावयास वेळ नसतो.